पादाभ्यंग : चैन की कर्तव्य?

मार्गशीर्ष लागला, पहाटेच्या वाऱ्यास धार आली आणि न्हाणीघरातील ऊन पाण्याची वाफ आढ्यापर्यंत चढू लागली, म्हणजे आमच्या घरोघर एक लहानशी कुरकूर सुरू होते. टाचा फुटतात. त्यांची खरबरीत कड घोंगडीच्या लोकरीत अडकते, पायमोजा ओढताना त्याचा धागा निघतो, आणि पहाटे गार फरशीवर पाऊल टाकताच घरातील वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून 'आई गं' असा उद्गार निघून जातो. अशा दिवसांत घरातील कोणी मनुष्य रात्रीचे जेवण आटोपल्यावर कोमट पाण्याचे घंगाळ पुढे घेऊन बसला, टाचा घासू लागला आणि त्यांस तेल जिरवू लागला, तर भोवतालची मंडळी त्याच्याकडे पाहून हसतात. 'काय पायांचे चोचले चालले आहेत!' हा शेरा ठरलेला. तोंडास साय लावणे क्षम्य, केसांस तेल लावणे तर आवश्यकच. परंतु पायांची बरदास्त ठेवणे हा रिकामटेकड्याचा उद्योग, अशी आमच्या सुशिक्षित समाजाची एकंदर समजूत आहे.

ही समजूत कितपत खरी, याचा इतिहासाच्या साक्षीने विचार करावा, येवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्याच्याशी भांडत नाही. परंतु ज्या अवयवावर मनुष्य उभा राहतो, त्याच्या निगेचा प्रश्न वेळोवेळी धर्मसंस्थापकांस, वैद्यांस आणि सेनापतींस पडलेला आहे, आणि त्यांनी त्यास दिलेली उत्तरे आजही उपयोगी पडण्याजोगी आहेत, असे वाचकांस पुढील विवेचनावरून दिसून येईल अशी आम्हांस आशा वाटते.

प्रथम शरीराची गोष्ट. मनुष्याच्या त्वचेस मऊ राखणारा स्निग्ध द्रव ज्या सूक्ष्म ग्रंथींतून पाझरतो, त्या ग्रंथी तळहातांच्या व तळपायांच्या कातडीत मुळीच नसतात. तेथे घामाच्या ग्रंथी विपुल. परंतु तेलाची एकही नाही. शिवाय टाचेची कातडी साऱ्या शरीरात जाड. हिवाळ्यात हवेतील ओलावा कमी झाला की ही जाड कातडी वाळते आणि तिचा लवचिकपणा जातो. उभे राहताच टाचेखालील मेदाची गादी भाराने बाजूंस पसरू पाहते, आणि वाळलेली कड तो ताण न सोसून उभी चिरते. यालाच आपण भेगा म्हणतो. जुन्या माणसांच्या भाषेत जळवात. सारांश, शरीराच्या इतर भागांस निसर्ग आतून जे पुरवतो, ते तळपायांस बाहेरून द्यावे लागते. पायांस तेल लावणे हे अनैसर्गिक लाड नसून निसर्गाने ठेवलेली उणीव भरून काढणे आहे.

आमच्या प्राचीन वैद्यांस ग्रंथींचे हे शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु परिणाम ठाऊक होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, निरोगी मनुष्याने रोज काय करावे हे सांगताना दात घासणे, डोक्यास तेल लावणे, स्नान करणे यांच्याच रांगेत पादाभ्यंग, पाय स्वच्छ ठेवणे आणि पादत्राण वापरणे यांचीही गणना केली आहे. पायांस तेल चोळल्याने त्यांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा हे दोष जातात, पाय बळकट व स्थिर होतात, भेगा पडत नाहीत, असे त्याचे फळ सांगितले आहे. दृष्टी सुधारते असेही म्हटले आहे. दृष्टीविषयीचा दावा आधुनिक परीक्षेस उतरलेला नाही, तथापि त्वचेविषयी जे म्हटले आहे ते आजचा त्वचारोगतज्ज्ञही नाकारणार नाही. लगेच पुढच्या अध्यायात हेमंत ऋतूची चर्या आहे. तीतही अभ्यंग, अंगास शेक, उबदार घर आणि जाड पांघरूण यांस मान मिळाला आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चरकाने पादाभ्यंग रोग्याच्या चिकित्सेत न ठेवता निरोग्याच्या दिनचर्येत ठेवला.

सुश्रुताची दृष्टी थोडी निराळी. निदानस्थानात क्षुद्ररोगांचे प्रकरण आहे. 'क्षुद्र' म्हणजे लहान, तुच्छ नव्हे. त्यात पायांच्या तीन व्यथा एकामागून एक येतात. पहिली पाददारी, म्हणजे भेगा. दुसरी कदर, म्हणजे खडा किंवा काटा बोचून झालेले कुरूप. तिसरी अलस, म्हणजे घाणेरड्या चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या कुजून होणाऱ्या चिखल्या. यांपैकी पाददारी कोणास होते, तर जो फार चालतो त्यास, असे सुश्रुत सांगतो. उपाय म्हणून मेण, चरबी, राळ, तूप व गेरू यांचा लेप सांगितला आहे. आमच्या आज्या मेण आणि राळ तेलात वितळवून जे मलम करीत आणि रात्री भेगांत भरीत, ते या लेपाचेच घरगुती रूप होय.

या तीन व्यथांची यादी पुन्हा एकवार पाहावी. फार चालणारा, काट्यांतून जाणारा, चिखलात उभा राहणारा, असा हा मनुष्य कोण? तो राजवाड्यातला नव्हे. तो नांगरामागचा शेतकरी, गुरांमागचा गुराखी, ओझे वाहणारा हमाल होय. अर्थात ज्यांस पायांच्या निगेची सर्वांत अधिक गरज, त्यांसच तिची सवड सर्वांत कमी, ही विसंगती सुश्रुताच्या पानांतच उभी आहे. पुढे तिचा विचार करावयाचा आहेच. तत्पूर्वी एका मोठ्या पायी चालणाऱ्या समाजाने आपल्या पायांचा प्रश्न कसा सोडवला ते पाहू.

तो समाज म्हणजे बौद्ध भिक्षूंचा संघ. भिक्षूने वाहन वापरू नये, गावोगाव पायी फिरावे, असा दंडक असल्यामुळे पाय हा संघाच्या व्यवहारातील खराखुरा प्रश्न होता. धर्मानंद कोसंबी यांनी आपले आयुष्य वेचून पाली वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांस करून दिला, त्यामुळे विनयपिटकाचे नाव तरी आपणांस नवे नाही. या ग्रंथात नियम नुसते दिलेले नाहीत. प्रत्येक नियम कोणत्या प्रसंगी झाला त्याची कथा दिलेली आहे. पायांसंबंधीच्या चार कथा आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली पिलिन्दवच्छ नावाच्या स्थविराची. त्याचे पाय फुटले. ही गोष्ट बुद्धाच्या कानी गेली, तेव्हा त्याने पायांस तेल लावण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा पायांसाठी मलम तयार करण्याचीही अनुज्ञा दिली. अंगावरील वस्त्रांची संख्यासुद्धा जेथे मोजून ठरवलेली, त्या संघात फुटलेल्या टाचेसाठी नियम लवला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी कथा सोण कोळिविस याची. हा चंपानगरीच्या धनिकाचा पुत्र. त्याचे तळपाय इतके सुकुमार की त्यांवर केस उगवले होते, आणि ते नवल पाहण्यासाठी मगधाच्या बिंबिसार राजाने त्यास मुद्दाम बोलावून घेतले. राजापुढे पाय पसरणे अशिष्ट, म्हणून आईबापांनी त्यास सांगितले की मांडी घालून बस, म्हणजे राजास तळवे आपोआप दिसतील. पुढे हाच सोण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता, म्हणजे ध्यानासाठी येरझारा घालता घालता, त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. चालण्याची वाट रक्ताने भरून गेली. वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही ठेवू नयेत, हा प्रसिद्ध उपदेश बुद्धाने केला तो याच वेळी. त्यासोबत त्याने सोणास एकपदरी वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाचे उत्तर मोठे मार्मिक आहे. एवढे वैभव सोडून आलेला हा सोण आता वहाणांस भुलला असे लोक म्हणतील. संपूर्ण संघास अनुज्ञा मिळत असेल तरच मी वहाणा घालीन, असे तो म्हणाला. बुद्धाने ती सर्व भिक्षूंस दिली. एकट्याने भोगली तर जी चैन ठरली असती, ती सर्वांस मिळताच सोय ठरली.

तिसरी कथा आमच्या प्रदेशास अधिक जवळची. अवंती आणि दक्षिणापथ या भागांत राहणाऱ्या महाकच्चान स्थविराने आपल्या शिष्याकरवी बुद्धाकडे काही सवलती मागितल्या. त्यांतील एका मागणीचे कारण असे की, या मुलुखातील जमीन वरून काळी आहे, कठीण आहे, आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. येथे एकपदरी वहाण पुरत नाही. माळव्यापासून आमच्या देशापर्यंत पसरलेली काळी कसदार जमीन ज्याने पाहिली आहे, त्यास हे वर्णन वाचून कौतुक वाटल्याखेरीज राहणार नाही. पावसाळ्यात जी जमीन लोण्यासारखी मऊ होते आणि गुरांच्या खुरांचे ठसे अंगावर घेते, तीच थंडीत वाळली म्हणजे तो प्रत्येक ठसा दगडाच्या धारेसारखा तळव्यास लागतो. बुद्धाने सीमेवरील सर्व प्रदेशांत अनेकपदरी वहाणांस परवानगी दिली. जमीन बदलली की पायांचा नियम बदलला पाहिजे, हे त्याने ओळखले.

चौथी कथा आमच्या प्रश्नाचे उत्तरच देते. विशाखा नावाची थोर उपासिका एके दिवशी तीन वस्तू घेऊन बुद्धाकडे आली: एक घट, एक केरसुणी आणि एक कतक. कतक म्हणजे पाय घासण्याचे साधन. जुन्या टीकेप्रमाणे ते कमळाच्या गाभ्यासारख्या आकाराचे, वर बारीक उंचवटे उठवलेले असे असे. बुद्धाने घट घेतला, केरसुणी घेतली; कतक मात्र घेतले नाही. भिक्षूंनी कतक वापरू नये असा नियम झाला. परंतु, मौज अशी की, पाय घासूच नयेत असे तो म्हणाला नाही. त्याच वेळी त्याने पाय घासण्यासाठी तीन वस्तूंची अनुज्ञा दिली: खडा, खापरी आणि समुद्रफेन. पाय घासणे ही गरज. त्यासाठी नक्षीदार उपकरण ही चैन. दोहोंमधील रेघ इतक्या नेमकेपणाने आखलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

या तीन साध्या वस्तू दोन हजार वर्षांहून अधिक काळ आमच्या न्हाणीघरांत नांदल्या आहेत. दख्खनच्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत, सातवाहनकालीन थरांतून, खरबरीत अंगाच्या भाजक्या मातीच्या घासण्या मिळतात. आमची वज्री ही त्यांचीच वंशज म्हणावयाची. पुढे ती पितळेचीही होऊ लागली. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांनी लिपारी बेटांवरील हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड याच कामास वापरला. आमचा सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, परंतु त्याचा दगड जड. तरी त्यातलाही जो छिद्रांचा असतो, तो काळा दगड विहिरीकाठी आणि न्हाणीत टाचा घासण्यासाठी ठेवलेला असे. स्नेहाच्या बाबतीत प्रत्येक मुलखाने आपापल्या झाडांस विचारले. देशावर तीळ आणि करडई, इतरत्र एरंडेल, आणि कोकणात व गोमंतकात कोकमाचे तेल, ज्यास तिकडे भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या वाळलेल्या बिया कुटून पाण्यात उकळाव्या, वर येणारा स्नेह काढून घ्यावा, आणि तो थिजू लागला की मुठीत दाबून त्याचे गोळे करावे, ही त्याची रीत. हा स्नेह सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णतेस वितळतो. म्हणजे थंडीत तो दगडासारखा घट्ट असतो आणि किंचित तापवताच भेगेत शिरतो. तेथे पुन्हा थिजून बसतो, रात्रभर निघत नाही. एखाद्या रसायनवेत्त्याने मुद्दाम बनवावा असा हा पदार्थ रानातल्या झाडाने दिला. अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो याने खनिज तेलापासून काढलेल्या व्हॅसलीनचे पेटंट १८७२ साली मिळवले, आणि पुढे त्याच्या डबीने घराघरातील भिरंडेलाच्या गोळ्यास कोपऱ्यात ढकलले. काम दोघांचे एकच. ओलावा आत कोंडून ठेवणे. काशाच्या वाटीने तळवे घासण्याची चालही याच कुळातली. वाटीखाली जो काळेपणा येतो तो शरीरातील उष्णता बाहेर पडल्याचे चिन्ह नव्हे. धातू, स्नेह आणि घाम यांच्या रासायनिक संयोगाचा तो परिणाम आहे. परंतु त्या निमित्ताने तळव्यास घटकाभर चोळणे घडते आणि थकलेल्या मनुष्यास झोप लागते, एवढा लाभ खरा.

येथवर साधनांचे झाले. आता हातांचे. पायांस तेल लागले खरे. पण लावले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर तितकेसे सुखाचे नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात संवाहक नावाचे पात्र आहे. देवलांच्या नाट्यरूपामुळे हे नाटक मराठी मनात घर करून बसलेले आहे. हा संवाहक पाटलिपुत्रच्या गृहस्थाचा मुलगा. अंग रगडण्याची विद्या त्याने कला म्हणून शिकली आणि दैव फिरल्यावर तीच त्याची चाकरी झाली. पुढे तो जुगारी होतो आणि शेवटी भिक्षू. अंग रगडून घेणाऱ्यास ती कला; रगडणाऱ्यास ती पोटाची वृत्ती. पाय चेपून घेणे हे थोरपणाचे लक्षण आणि पाय चेपणे हे लहानपणाचे, असा संकेत आमच्या समाजात खोल रुजला. देवाचे, गुरूचे, धन्याचे पाय ते 'चरण'. आपले ते नुसते पाय. आणि दुसऱ्याचे तर पायपोस ठेवण्याच्या जागेपलीकडचे. पुरुषसूक्तात समाजपुरुषाच्या पायांपासून शूद्राची उत्पत्ती कल्पिलेली आहे, डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात या सूक्ताची कसून तपासणी केली, हे वाचकांस स्मरत असेल. ज्या समाजाने पाय हा नीच अवयव मानला, त्याने पायांसाठी वहाणा शिवणाऱ्या कारागिरासही गावाबाहेर ठेवले. सर्व गावाचे तळवे ज्याने काट्यांपासून राखले, त्याच्या सावलीचा विटाळ मानला गेला. पायांच्या निगेस आज आपण हसतो, त्या हसण्यात या जुन्या तिरस्काराचा काही अंश उरलेला असावा, असे आम्हांस वाटते.

आणि घरातील बाईच्या पायांचे काय? थंडीत पहाटे उठून बंब पेटवणारी, ओल्या फरशीवर वावरणारी, गार पाण्यात भांडी विसळणारी तीच. मुलांच्या पायांस तेल तिने लावावयाचे, सासऱ्यांचे पाय तिने चेपावयाचे, आणि पाहुण्यांच्या पायांवर पाणीही तिनेच घालावयाचे. तिच्या स्वतःच्या टाचांस मात्र मेण भरण्याची पाळी सर्वांची निजानीज झाल्यावर, डोळ्यांवर झोप असता, आली तर येई. उत्तरेकडील हिंदी म्हणीचा भाव असा आहे की, ज्याच्या टाचेस कधी भेग पडली नाही, त्यास दुसऱ्याची वेदना काय कळणार? त्या म्हणीचा अर्थ समजण्यास फार दूर जावयास नको. आपापल्या माजघरात डोकावले तरी पुरे.

एका क्षेत्रात मात्र ही उतरंड काळाने उलटी करून दाखवली. ते क्षेत्र म्हणजे युद्ध. सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. परंतु प्रत्यक्षात ते पायांवर चालते, ही गोष्ट सेनापतींस पुनःपुन्हा शिकावी लागली. १८१२ साली नेपोलियनचे सैन्य रशियातून माघारी फिरले तेव्हा त्याचा शल्यवैद्य लारे याने थंडीने मेलेले पाय जवळून पाहिले. गारठलेले पाय एकदम शेकोटीपुढे धरणारे शिपाई अधिक बिघडत, हे त्याने टिपून ठेवले. बर्फाने पाय चोळण्याचा त्याचा उपाय आज त्याज्य ठरला आहे. त्याचे निरीक्षण मात्र बरोबर होते.

पुढे शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, फ्लँडर्सच्या खंदकांत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. तेथे पाणी गोठण्याइतकी थंडी असण्याचीही आवश्यकता नव्हती. गार चिखलात दिवसेंदिवस उभे राहणे, पाय न हलणे, घट्ट बूट आणि पोटऱ्यांवर आवळलेल्या पट्ट्या एवढ्याने पायांचा रक्तप्रवाह मंदावे. पाय बधिर होत, सुजत, काळे पडत आणि कधी कधी कापावे लागत. १९१४–१५च्या पहिल्या हिवाळ्यात केवळ ब्रिटिश सैन्यातील अशा रोग्यांची संख्या सुमारे २०,००० मानली जाते. त्याच हिवाळ्यात आमच्या हिंदी पलटणीही त्या खंदकांत होत्या. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस त्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या, तेव्हा अनेकांच्या अंगावर उष्ण देशाचे पातळ सुती कपडे होते; आणि १९१५ च्या अखेरीस त्यांतील पायदळ मेसोपोटेमियाकडे रवाना होईपर्यंत त्या चिखलाशी त्यांची गाठ सुटली नाही.

या व्याधीवर उपाय सापडला तो औषधांच्या पेटीत नव्हे. शिपायाने रोज बूट काढावे, पाय पुसून कोरडे करावे, देवमाशाचे तेल चोळावे, कोरडे मोजे चढवावे, असा हुकूम निघाला. शिपायांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय चोळावे अशीही रीत पडली, आणि तुकडीतील प्रत्येकाचे पाय स्वतः पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकण्यात आली. ज्या तुकडीत फार पाय बिघडत, तिच्या अधिकाऱ्यास जाब विचारला जाई. विचार करण्यासारखा देखावा आहे. अधिकारी गुडघे टेकून साध्या शिपायाच्या तळव्यांकडे पाहत आहे, कारण न पाहील तर उद्या लढावयास माणूस उरणार नाही. या शिस्तीने रोग्यांची संख्या पुष्कळ घटली. चरकाने निरोग्याच्या दिनचर्येत जे ठेवले होते, ते येथे लष्करी कर्तव्याच्या यादीत आले.

परंतु शिपायाच्या पायांची काळजी सैन्याने आपल्या स्वार्थासाठी केली, असे कोणी म्हणेल. म्हणून शेवटचे उदाहरण निराळ्या ठिकाणचे देतो. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. त्यांस महारोग झाला. १९३९ साली ते सेवाग्रामास आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्या राहण्याची सोय केली, आणि रोज त्यांच्या अंगास स्वतःच्या हातांनी मालीश करू लागले. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यात असेल. ज्या शरीरास शिवण्यास आप्तही कचरत, त्यास तेल लावण्यासाठी देशाच्या नेत्याने वेळ काढला. तेथे सेव्य कोण आणि सेवक कोण, हा हिशेबच पुसला गेला.

महारोगाचा आणि पायांचा संबंध पुढे शास्त्रानेही उलगडला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोर येथे काम करीत होते. महारोग्यांची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळे नव्हे, तर पायाची संवेदना गेल्यामुळे, हे त्यांच्या कामाने स्पष्ट झाले. खडा टोचला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. लहान जखम चालता चालता मोठी होते. यावर उपाय तोच जुना: रोज पाय पाहणे, साध्या पाण्यात भिजवणे, घट्टा घासणे, तेल लावणे आणि योग्य वहाण घालणे. हेच ज्ञान पुढे मधुमेह्यांच्या कामी आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे आढळले. आमच्या वाचकांच्या घरांपैकी बहुतेकांत असा एखादा तरी मनुष्य असेलच. अशा मनुष्याचा पाय बधिर झालेला असू शकतो, आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून कढत पाण्यात बुडवलेला किंवा शेकोटीजवळ धरलेला तो पाय त्याच्या नकळत भाजू शकतो. त्याने पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहावी. पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत. पाते घेऊन घट्टे तासू नयेत. बोटांच्या बेचक्यांत तेल साठू देऊ नये. आणि जखम दिसताच ती लहान आहे म्हणून न हसता वैद्यास दाखवावी. सुश्रुताने 'क्षुद्र' म्हटलेल्या भेगेतून आज पाय गमावण्यापर्यंत मजल जाते, हे विसरता कामा नये.

होमरच्या ओडिसी काव्यात वीस वर्षांनी वेष पालटून घरी आलेल्या नायकास कोणीच ओळखत नाही. त्याची म्हातारी दाई त्याचे पाय धुऊ लागते, आणि मांडीवरील जुना व्रण हातास लागताच ती त्यास ओळखते. डोळ्यांस जे कळले नाही ते हातास कळले. आमच्या मते पादाभ्यंगाचा खरा लाभ यातच आहे. तेल कोणतेही असो. त्या निमित्ताने हात रोज पायावरून फिरतो. कोठे सूज आहे, कोठे चीर पडली, कोठे स्पर्श कळेनासा झाला, हे त्यास समजते. आरसा चेहरा रोज दाखवतो. पाय दाखवणारा आरसा म्हणजे आपला हातच.

तेव्हा प्रथम मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर काय? विशाखेच्या कतकाची कसोटी आम्हांस पुरेशी वाटते. कोमट पाणी, खडबडीत दगड किंवा वज्री, गोळाभर कोकमतेल किंवा वाटीभर तिळाचे तेल, आणि जुने का होईनात पण धुतलेले सुती मोजे, एवढ्यावर जी निगा होते ती गरज होय. नक्षीदार उपकरणांवाचून आणि दुसऱ्याच्या राबणाऱ्या हातांवाचून जी होत नाही, ती चैन. आणि सोणाची कसोटीही तिच्या जोडीस ठेवावी: मला मिळते ते इतरांस मिळते काय?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, मुंबईस आले. त्यांच्या फुटलेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, आणि ती पाहून अनेक मुंबईकर वहाणा व पाणी घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सुश्रुताने ज्याचे वर्णन केले तो फार चालणारा मनुष्य अद्याप आपल्यातच आहे, आणि आपण जेवतो ते अन्न त्याच्या भेगाळलेल्या पायांवर उभे आहे, हे त्या छायाचित्रांनी शहरास दाखवले. ते दिसण्यास पाय वर्तमानपत्रात यावे लागले, ही आमच्या दृष्टीची मर्यादा.

थंडीचे दिवस अजून आहेत. रात्री घंगाळात पाणी घ्यावे, त्यात स्वतःचे पाय स्वतःच्या हातांनी धुवावे, आणि कोणी 'चोचले' म्हणाले तर म्हणू द्यावे. मात्र तेलाची वाटी उचलून ठेवण्यापूर्वी घरात पहाटे सर्वांआधी फरशीवर उतरणारे पाय कोणाचे, आणि त्यांस तेल लागले की नाही, एवढे एकदा विचारावे.